गाडी एका कंपनीची, सीट दुसरीचीच: हा धंदा कसा चालतो आणि नवापूरच्या वाट्याला त्यातलं काय येऊ शकतं?

नवी गाडी घेताना आपण इंजिन बघतो, मायलेज विचारतो, एअरबॅग मोजतो. सीटवर बसून बघतो, पण ती सीट कोणी बनवली हे सहसा विचारत नाही. गाडीवर ज्या कंपनीचं नाव आहे तिनेच ती बनवली असेल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बहुतेक गाड्यांच्या सीट, डॅशबोर्ड, दारांच्या आतलं आवरण, छताचं अस्तर, पायाखालचं कार्पेट हे सगळं वेगळ्याच कंपन्या बनवतात. त्यांची नावं गाडीवर कुठेच दिसत नाहीत.

महाराष्ट्रात या धंद्याचं केंद्र पुण्याजवळ चाकण, तळेगाव आणि रांजणगाव या पट्ट्यात आहे. पण हा लेख वाचताना नकाशावर आणखी एक ठिकाण डोळ्यांसमोर ठेवा. ते म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर.

नवापूर अनेकांना माहीत आहे ते तिथल्या रेल्वे स्टेशनमुळे. महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द या स्टेशनातूनच जाते. गावाजवळून सुरत-धुळे महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. एमआयडीसी आहे, तिथे कापड विणणारे कारखाने आहेत, आणि सुरतेची कापड बाजारपेठ सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. दुसरीकडे नंदुरबार हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. महाराष्ट्रातले असे जिल्हे चारच: नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि धाराशिव. इथली आदिवासी कुटुंबं दर वर्षी ऊसतोडीला आणि इतर मजुरीला बाहेर जातात. त्यामुळे "आमच्याकडे मोठा कारखाना कधी येणार?" हा प्रश्न इथे नेहमीचाच आहे.

वाहन उद्योगातला कारखाना अशा ठिकाणी येऊ शकतो का? आला तर कोणता? याचं उत्तर शोधायला सीट हा चांगला नमुना आहे. कारण एकाच सीटमध्ये असे भाग असतात जे गाडीच्या कारखान्यापासून दूर बनू शकतच नाहीत, आणि असेही असतात जे चारशे किलोमीटरवर बनले तरी चालतं.

सीटमध्ये नेमकं काय काय असतं?

वरून बघितलं तर सीट म्हणजे गादी आणि कव्हर. आत मात्र चार-पाच वेगवेगळे उद्योग एकत्र आलेले असतात.

सांगाडा: स्टीलचे पत्रे आणि पाइप दाबून, वाकवून, वेल्डिंग करून सीटची फ्रेम बनते. अपघातात माणसाला धरून ठेवण्याचं काम मुख्यतः या फ्रेमचं असतं.

यंत्रणा: सीट पुढे-मागे सरकवणारे रूळ, पाठ कलती करणारा रिक्लायनर, उंची कमी-जास्त करणारी खटकी. महागड्या गाड्यांमध्ये मोटर आणि थंड हवेचे पंखेही असतात. हे भाग बनवणाऱ्या कंपन्या कमी आहेत, कारण यात अचूकता फार लागते.

फोम: पॉलिओल आणि आयसोसायनेट ही दोन रसायनं मिसळून गरम साच्यात ओततात. मिश्रण फुगतं आणि काही मिनिटांत गादी तयार होते. साच्यातून काढल्यावर ती रुळांखालून दाबून काढतात, म्हणजे आतले बंद बुडबुडे फुटतात आणि गादी आकसत नाही.

कव्हर: कापड, रेक्झिन किंवा चामडं यंत्राने कापून त्याचे तुकडे शिवतात. गाडीच्या सीटचं कापड साधारण तीन थरांचं असतं. वर दिसणारं पॉलिस्टर कापड, मध्ये पातळ फोम आणि खाली जाळीसारखं अस्तर.

जुळणी: फ्रेमवर फोम बसवून त्यावर कव्हर ओढतात, क्लिपांनी पक्कं करतात, गरम हवेने किंवा वाफेने सुरकुत्या काढतात. मग सीटबेल्टचा सेन्सर, एअरबॅगची जोडणी आणि सरकणारे भाग तपासून सीट बाहेर पडते.

सीटशिवाय गाडीच्या आतला बाकीचा भाग बहुतेक प्लास्टिकचा असतो. डॅशबोर्ड आणि दारांची आवरणं मुख्यतः पॉलिप्रॉपिलीन वितळवून मोठ्या साच्यांत दाबून बनवतात. कार्पेट आणि छताचं अस्तर यांत न विणलेलं, सुयांनी गुंतवलेलं पॉलिस्टर वापरतात.

टियर-१, टियर-२ म्हणजे काय?

वाहन उद्योगात पुरवठादारांची उतरंड असते. गाडी बनवणाऱ्या कंपनीला थेट माल देतो तो टियर-१. त्याला माल देतो तो टियर-२, आणि त्याच्याही खालचा टियर-३.

सीटचं उदाहरण घेऊ. पूर्ण सीट देणारी कंपनी टियर-१. तिला तीन थरांचं कापड, रिक्लायनर किंवा फोमची रसायनं देणाऱ्या कंपन्या टियर-२. त्या कापडासाठी सूत कातणारा किंवा साधं कापड विणून देणारा टियर-३. गाडीची कंपनी रोज बोलते ती टियर-१ शी. खालच्यांनी माल कुठून घ्यायचा, कोणत्या दर्जाचा घ्यायचा, हेही अनेकदा वरूनच ठरवून दिलेलं असतं.

जगात लिअर, अ‍ॅडिएंट, फॉर्व्हिया, टोयोटा बोशोकु आणि मॅग्ना ही सीटच्या धंद्यातली मोठी नावं आहेत. भारतात मारुतीसाठी सीट बनवायला १९८६ मध्ये भारत सीट्स ही कंपनी सुरू झाली. त्यात सुझुकी आणि मारुती या दोन्ही भागीदार होत्या. पुण्यात १९९५ मध्ये टाटा ऑटोकॉम सिस्टिम्स स्थापन झाली आणि सीटच्या कामासाठी तिने अमेरिकेच्या जॉन्सन कंट्रोल्सबरोबर भागीदारी केली. जॉन्सन कंट्रोल्सने २०१६ मध्ये आपला सीटचा व्यवसाय वेगळा काढला. तीच आजची अ‍ॅडिएंट.

गाडीच्या आतल्या प्लास्टिक भागांतलं पुण्यातलं एक मोठं नाव म्हणजे आयएसी इंडिया. महिंद्रा हे तिचं प्रमुख ग्राहक. या कंपनीचा ७५ टक्के हिस्सा ल्युमॅक्स ऑटो टेक्नॉलॉजीजने २०२३ मध्ये विकत घेतला. बस, रुग्णवाहिका आणि व्यावसायिक वाहनांच्या सीटमध्ये पिनॅकल इंडस्ट्रीज आहे. तिचं मुख्यालय पुण्यात असलं तरी मोठा कारखाना मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला आहे. पिथमपूरला का, हे पुढच्या भागात कळेल.

सीट गाडीच्या कारखान्याच्या दारातच का बनते?

याला दोन कारणं आहेत. एक आकाराचं आणि एक वेळेचं.

आधी आकार. सीट जड नसते, पण जागा खूप खाते. तिच्यावर दुसरी सीट रचता येत नाही, घडी घालता येत नाही, कव्हरला डाग लागला तर ती परत जाते. म्हणजे ट्रक वजनाने भरण्याच्या आधी जागेने भरतो. अशा ट्रकचं भाडं चारशे किलोमीटरचं झालं, तर सीटमागे मिळणारा नफा डिझेलमध्येच जाईल.

आता वेळ. एकाच असेंब्ली लाइनवरून एकामागोमाग वेगवेगळ्या गाड्या येतात. पहिली बेसिक मॉडेलची, कापडी सीटची. दुसरी टॉप मॉडेलची, काळ्या रेक्झिनची. तिसरी निर्यातीची, डाव्या बाजूला स्टीअरिंग असलेली. एका गाडीच्या सीटचे रंग, एअरबॅग, मोटर आणि पंखे धरून कित्येक प्रकार होतात. हे सगळे प्रकार आधी बनवून गोदामात ठेवायचे म्हटलं तर गोदाम कारखान्याएवढं लागेल.

म्हणून पद्धत अशी आहे. रंगकाम झालेली बॉडी असेंब्ली लाइनवर कोणत्या क्रमाने चढणार हे ठरलं, की तो क्रम कॉम्प्युटरवरून सीटच्या कारखान्याला कळतो. त्या बॉडीत सीट बसवायला हाताशी काही तासच असतात. तेवढ्या वेळात सीटच्या कारखान्यात त्याच क्रमाने सीट जुळवतात आणि ट्रकमध्ये उलट्या क्रमाने भरतात, म्हणजे पहिली लागणारी सीट पहिली उतरते. गाडीच्या कारखान्यात ती थेट लाइनवर जाते. याला जस्ट-इन-सिक्वेन्स म्हणतात. जपानी कंपन्यांनी रूढ केलेल्या जस्ट-इन-टाइम पद्धतीचं हे पुढचं टोक आहे.

यात एक ट्रक घाटात अडकला तर गाड्यांची लाइन थांबते. लाइन थांबवली तर पुरवठादाराला त्याची भरपाई द्यावी लागू शकते. म्हणून टियर-१ कंपनी जोखीम घेत नाही. ती गाडीच्या कारखान्यापासून काही किलोमीटरवर जागा घेते, अनेकदा त्याच्याच आवारातल्या व्हेंडर पार्कमध्ये.

गाडीचा कारखाना गेला तर सीटचा कारखाना कुठे जातो?

इतकं जवळ बसण्याची किंमतही मोजावी लागते. पश्चिम बंगालमधलं सिंगूर हे त्याचं सर्वात गाजलेलं उदाहरण. टाटा नॅनोच्या प्रकल्पासाठी तिथे जवळपास हजार एकर जमीन घेतली होती. त्यातली तीनशे एकरांच्या आसपास जमीन एकट्या पुरवठादारांसाठी होती. आंदोलनानंतर ऑक्टोबर २००८ मध्ये टाटांनी सिंगूर सोडलं आणि कारखाना गुजरातमध्ये साणंदला नेला. पुरवठादारांनाही सामान आवरावं लागलं.

महाराष्ट्रातलं उदाहरण तळेगावचं. जनरल मोटर्सने तिथला कारखाना २००८ मध्ये सुरू केला आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद केलं. बातम्या आल्या त्या प्रामुख्याने कंपनीच्या कामगारांच्या. पण गाडी बनणं थांबलं की तिच्यासाठीचे साचे, जिग, शिलाईचे नमुने हे सगळं निरुपयोगी होतं. डॅशबोर्डचा साचा दुसऱ्या गाडीला चालत नाही. पुढे ह्युंदाईने हा कारखाना घेतला आणि २०२५ मध्ये तिथून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. पण गाडी वेगळी, म्हणून सीटही वेगळी आणि कंत्राटंही नवी.

एकाच ग्राहकावर अवलंबून राहणं किती महागात पडतं, हे नवापूरला वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापूरमध्येच झाला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या आणि तिथला भरभराटीचा पोल्ट्री व्यवसाय एका झटक्यात बसला. २०२१ मध्ये रोग पुन्हा आला. धंदा वेगळा असला तरी प्रश्न तोच आहे. सगळं एकाच गोष्टीवर उभं असेल तर ती कोसळल्यावर गावाकडे दुसरं काय उरतं?

कंत्राट मिळतं कसं?

नव्या गाडीचं काम ती बाजारात येण्याच्या दोन-तीन वर्षं आधी सुरू होतं. कंपनी निवडक पुरवठादारांकडून दर मागवते. ज्याला काम मिळतं तो गाडीच्या इंजिनीअर्सबरोबर बसून सीटचं डिझाइन पक्कं करतो, साचे बनवतो, नमुने देतो.

या यादीत शिरण्याची पहिली अट म्हणजे आयएटीएफ १६९४९ हे गुणवत्ता प्रमाणपत्र. वाहन उद्योगात ते जवळपास सगळीकडे मागतात. पुढची पायरी म्हणजे प्रत्येक भागाची मंजुरी. कच्चा माल कुठून आला, कोणत्या मशीनवर काम झालं, माप किती आलं, चाचणीत काय दिसलं, याची सगळी कागदपत्रं द्यावी लागतात. एकदा मंजुरी मिळाली की न विचारता काहीही बदलता येत नाही. धाग्याचा ब्रँड बदलायचा असला तरी परवानगी लागते.

फायदा असा की काम मिळालं की ते मॉडेल चालेल तितकी वर्षं, म्हणजे बहुधा पाच-सात वर्षं टिकतं. तोटा असा की दर वर्षी किंमत थोडी कमी करून द्यावी, अशी अट करारात अनेकदा असते. तुम्ही कामात सुधारणा करा, खर्च वाचवा आणि वाचलेल्यातला वाटा आम्हाला द्या, असा त्यामागचा हिशेब. उतरंडीत जसजसं खाली जावं, तसतसा हा दाब वाढत जातो, कारण टियर-१ तोच दाब टियर-२ वर ढकलतो.

लहान पुरवठादाराची दुसरी डोकेदुखी म्हणजे अडकलेले पैसे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायला हवं. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून प्राप्तिकर कायद्यात याला जोड मिळाली. मोठ्या कंपनीने या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च तिला करातून वजा करता येत नाही. पण हा फायदा घ्यायचा तर लघुउद्योजकाची उद्यम नोंदणी हवी, आणि बिलावर ती दाखवलेली हवी.

करांचे दरही बदलत असतात. कारच्या सीटवर १८ टक्के जीएसटी होता, तर मोटरसायकलच्या सीटवर २८ टक्के. सप्टेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेने कारच्या सीटचा दरही २८ टक्के केला. वर्षभराने, २२ सप्टेंबर २०२५ पासून, वाहनांचे सगळे सुटे भाग १८ टक्क्यांवर आले.

सीट ही सुरक्षेची गोष्ट का आहे?

सीट खराब असेल तर पाठ दुखते, एवढंच आपल्याला वाटतं. पण अपघातात सीटबेल्ट आणि एअरबॅग दोन्ही सीटच्या भरवशावर काम करतात. सीट जमिनीपासून उखडली किंवा पाठ मोडली, तर बेल्टचा उपयोग राहत नाही. म्हणून सीटची फ्रेम, तिचे बोल्ट आणि डोक्यामागचा आधार यांच्यावर मोठा जोर देऊन चाचण्या होतात. भारतात अशा चाचण्यांची प्रमुख संस्था पुण्यातलीच आहे. ती म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, अर्थात एआरएआय.

अनेक गाड्यांमध्ये बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच बसवलेली असते. ती फुटते तेव्हा कव्हरची एक ठरावीक शिवण उसवून बाहेर येते. ही शिवण इतकी महत्त्वाची असते की तिचा धागा, टाक्यांची संख्या आणि शिवणाऱ्या मशीनची नोंद ठेवतात. अशा सीटवर बाजारातलं साधं सीट कव्हर घट्ट ओढून बसवलं, तर एअरबॅग अडकू शकते. त्यामुळे कव्हर घेताना "साइड एअरबॅगसाठी जागा सोडली आहे का" हे विचारायला विसरू नका.

दुसरा मुद्दा आगीचा. फोम, रेक्झिन, कार्पेट, प्लास्टिक हे सगळं पेट्रोलियमपासून बनलेलं आहे आणि जळतं. भारतीय मानक आयएस १५०६१ नुसार गाडीच्या आतलं साहित्य आडवं धरून पेटवलं तर मिनिटाला १०० मिलिमीटरपेक्षा वेगाने जळता कामा नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये नाशिकला आणि जुलै २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटल्या. समृद्धीवरच्या दुर्घटनेत २५ प्रवासी गेले. आग कशामुळे लागली हा वेगळा प्रश्न आहे. पण आग लागल्यावर बाहेर पडायला किती मिनिटं मिळतात, हे आतल्या साहित्यावरही ठरतं. मंजूर कापड काढून स्वस्तातले पडदे आणि गाद्या बसवल्या तर ही मिनिटं कमी होतात.

ट्रकच्या केबिनकडेही आता लक्ष जाऊ लागलं आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकमध्ये चालकाच्या केबिनला एसी बंधनकारक आहे. धुळे-सुरत रस्त्यावर उन्हाळ्यात ट्रक चालवणाऱ्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. पुरवठादारांसाठी त्याचा अर्थ असा की केबिनच्या आतलं काम वाढेल.

मग नवापूरला काय मिळू शकतं?

वरचं सगळं लक्षात घेतलं तर एक गोष्ट स्पष्ट होते. पूर्ण सीट जुळवणारा मोठा कारखाना गाडीच्या कारखान्याशिवाय नवापूरला येणं अवघड आहे. चाकण आणि साणंद दोन्ही रस्त्याने साधारण चारशे किलोमीटरवर आहेत. नाशिकचा महिंद्राचा कारखाना त्यामानाने जवळ, पण जस्ट-इन-सिक्वेन्ससाठी तोही लांबच. फोमचंही तसंच, कारण फोमचा ट्रक म्हणजे बरीचशी हवा वाहून नेणं.

पण सीटमधले दोन भाग लांबचा प्रवास करू शकतात.

पहिला, कापड. कापडाचा ठाण गुंडाळता येतो. एका ट्रकमध्ये हजारो मीटर कापड मावतं आणि ते क्रमाने पोहोचवावं लागत नाही. आठवड्याचा साठा ठेवला तरी चालतो.

दुसरा, शिवलेलं कव्हर. त्याची घडी होते. शिलाईला माणसं जास्त लागतात आणि जागा कमी. म्हणूनच अमेरिकेतल्या गाड्यांची कव्हरं मोठ्या प्रमाणात मेक्सिकोत शिवली जातात, आणि युरोपातल्या गाड्यांसाठी पूर्व युरोपात आणि उत्तर आफ्रिकेत. सीट गाडीजवळ जुळते, पण तिचं कव्हर शेकडो, कधी हजारो किलोमीटरवरून येतं.

कापडातून सीटपर्यंत जाण्याची वाट नवी नाही. टोयोटा बोशोकु ही आज जगातल्या मोठ्या सीट कंपन्यांपैकी एक आहे. तिची मुळं साकिची टोयोडा यांनी १९१८ मध्ये स्थापन केलेल्या सूतगिरणी आणि विणकामाच्या कंपनीत आहेत. बोशोकु या शब्दाचा अर्थच कताई आणि विणकाम. जपानमधलीच सेरेन ही कंपनी १८८९ मध्ये कापडावर प्रक्रिया करणारी म्हणून सुरू झाली आणि आज ती सीटचं कापड बनवते.

नवापूरच्या बाजूने काय आहे? माग आहेत. पॉलिस्टर सुताचा देशातला मोठा बाजार, म्हणजे सुरत, शेजारी आहे. कृत्रिम धाग्यांच्या कापडाची चाचणी करणारी मंत्रा ही संशोधन संस्थाही सुरतेतच आहे. रेल्वे आणि महामार्ग आहेत. गाड्यांचे कारखाने एकाच दिशेला नाहीत. पुणे, नाशिक, गुजरात आणि पिथमपूर असे चारही बाजूंना आहेत. छत्रपती संभाजीनगरला टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारबरोबर सामंजस्य करार केला आहे. तिथे गाड्या बनू लागल्या तर तो पाचवा ग्राहक. म्हणजे एक कारखाना बंद पडला म्हणून कापडवाला लगेच बुडत नाही.

अडचण कुठे आहे?

साडीचं किंवा ड्रेसचं कापड विणणारा माग उद्या सकाळपासून सीटचं कापड विणू शकत नाही. सीटचं कापड जाड आणि घट्ट असतं. ते हजारो वेळा घासून बघतात. महाराष्ट्राच्या उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या गाडीत रंग उडू नये म्हणून तीव्र प्रकाशाखाली ठेवतात. घामाने रंग सुटतो का, शिवण उसवते का, तापल्यावर त्यातून निघणाऱ्या वाफेने काचेवर धूसर थर बसतो का, हेही तपासतात. यात बसण्यासाठी सुताचा रंग, मागाचा प्रकार, नंतरची प्रक्रिया सगळं बदलावं लागतं. तीन थर जोडण्याचं यंत्र वेगळं घ्यावं लागतं.

त्यापेक्षा मोठी अडचण वाट बघण्याची आहे. साड्यांच्या कापडाचे पैसे हंगामात फिरतात. गाडीच्या कापडाची मंजुरी मिळायला दोन वर्षं लागू शकतात, आणि तोवर चाचण्यांचा खर्च चालूच राहतो. एकट्या लहान कारखानदाराला हे झेपत नाही. इथे सामायिक सुविधेचा उपयोग होतो. एकच लॅमिनेशन यंत्र, एकच प्रयोगशाळा, दहा जणांनी मिळून वापरायची. केंद्र सरकारने २०२० मध्ये १,४८० कोटी रुपयांचं राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियान मंजूर केलं. तांत्रिक वस्त्रांच्या बारा प्रकारांत वाहनांच्या कापडाचा स्वतंत्र प्रकार आहे. त्याला मोबिलटेक म्हणतात.

कव्हर शिवण्याच्या कामात भांडवल कमी लागतं, पण प्रशिक्षण लागतं. जाड तीन थरांचं कापड सरळ रेषेत, ठरलेल्या टाक्यांत शिवणं हे ब्लाऊज शिवण्यापेक्षा वेगळं काम आहे. आयटीआयमध्ये शिलाईचा ट्रेड असतो. त्यात जाड कापडाची औद्योगिक मशीन आणि नोंदी ठेवण्याचं काम शिकवलं, तर इथल्या मुलींना आणि महिलांना गावाजवळ वर्षभराचं काम मिळू शकतं. ऊसतोडीच्या सहा महिन्यांपेक्षा हे नक्कीच वेगळं असेल. मात्र मजुरी किती आणि नोकरी कायम की कंत्राटी, हे आधीच बघायला हवं. वरून येणारा दरकपातीचा दाब शेवटी शिलाई मशीनवर बसलेल्या माणसाच्या पगारापर्यंत पोहोचतो, हा या धंद्याचा जुना अनुभव आहे.

थोडक्यात काय लक्षात ठेवायचं?

कोणी "इथे वाहन उद्योग आणू" असं सांगितलं, तर तीन प्रश्न विचारून बघा. बनणारी वस्तू घडी घालून किंवा गुंडाळून नेता येते का? तिचे ग्राहक किती आहेत, एक की पाच? आणि मंजुरी मिळेपर्यंतचा खर्च कोण उचलणार?

पूर्ण सीटसाठी पहिल्याच प्रश्नाचं उत्तर नकारार्थी येतं. कापड आणि कव्हरसाठी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नवापूरच्या बाजूने आहेत. तिसऱ्याचं उत्तर एमआयडीसी, बँका आणि स्थानिक कारखानदारांना मिळून द्यावं लागेल.